अजातशत्रू आणि वैशालीची भेरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मगधाचा राजा अजातशत्रू याच्याविषयी दोन धर्मपरंपरांनी दोन साक्षी नोंदवून ठेवल्या आहेत. बौद्ध ग्रंथ त्याला अजातसत्तु म्हणतात, जैन आगम त्याला कूणिक म्हणतात. काळ इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाचा. बिंबिसाराचा, म्हणजेच जैनांच्या श्रेणिकाचा, तो मुलगा, आणि जन्मदात्याला बंदिवासात टाकून त्याने सिंहासन घेतले, येथपर्यंत दोन्ही साक्षींत एकवाक्यता आहे. बंदिवासात पुढे काय झाले याविषयी मात्र त्यांचे पटत नाही. बौद्ध कथेप्रमाणे मुलाने बापाला उपाशी मारले. राणी लपवून अन्न नेत होती, तेही बंद करण्यात आले. शेवटी न्हाव्याकरवी म्हाताऱ्या राजाच्या पायांना जखमा करविल्या गेल्या. जैन कथेत कूणिकाला पश्चात्ताप होतो. लहानपणी बोट पिकले असताना बापाने ते तोंडात धरून वेदना शमविल्या होत्या, ही हकिगत आई चेल्लणा त्याला सांगते. तेव्हा तो बेड्या तोडण्यासाठी लोखंडी परशू घेऊन धावत जातो. परशू घेऊन येणारा मुलगा पाहून श्रेणिकाला वाटते की हा आपल्याला मारायला आला, आणि तो विष खाऊन प्राण सोडतो.

पिकलेल्या बोटाची हकिगत बौद्ध अट्ठकथेतही आहे, गर्भवती राणीला लागलेल्या भयंकर डोहाळ्यांची आहे, तशीच ही. म्हणजे मूळ लोककथा एकच असावी आणि दोन्ही संघांनी ती आपापल्या गरजेप्रमाणे वळविली असावी. औपपातिक सूत्रातील कूणिक महावीरांचा इतका भक्त आहे की त्यांच्या रोजच्या मुक्कामाची वार्ता आणण्यासाठी त्याने पगारी माणूस ठेवला आहे. बौद्धांच्या मते बुद्धाच्या निर्वाणानंतर राजगृहाला जी पहिली संगीती भरली तिचा आश्रयदाता हाच. राजाश्रय दोन्ही संघांना हवा होता, यात नवल नाही. तरीसुद्धा दोन्ही परंपरांनी या आश्रयदात्याला अखेरीस नरकातच धाडले आहे, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची द्योतक मानली पाहिजे. दान घेतले म्हणून पाप पुसले गेले, असे दोघांपैकी कोणीही म्हटले नाही.

परंतु पितृवध ही राजघराण्यातली गोष्ट झाली. महावंसाच्या हिशेबाप्रमाणे अजातशत्रूने ३२ वर्षे राज्य केले, त्याला त्याच्या मुलाने मारले आणि त्या वंशात पितृवधाची परंपराच पडली. प्रजेच्या दृष्टीने अधिक दूरगामी असे त्याचे कृत्य वेगळेच आहे. गंगेच्या उत्तरेस वज्जींचा गणसंघ होता. वैशाली हे त्याचे केंद्र. लिच्छवी हे त्यातले प्रमुख कुल, आणि महावीर ज्या ज्ञातृक कुलात जन्मले तेही याच संघाच्या परिवारातले. तेथे वंशपरंपरेने एक राजा नव्हता. सभा भरत असे आणि सभा ठरवीत असे. हा संघ अजातशत्रूने मोडला. तो कसा मोडला, आणि मोडू शकला तो का, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

युद्धाचे कारण दोन्ही परंपरा निरनिराळे सांगतात. जैनांच्या निरयावलिका सूत्रात वाद आहे एका हत्तीचा आणि अठरा सरांच्या हाराचा. श्रेणिकाने या दोन्ही वस्तू कूणिकाच्या धाकट्या भावाला दिल्या होत्या. कूणिकाच्या राणीला त्यांचा लोभ सुटला. भाऊ त्या घेऊन वैशालीला, आजोबा चेटकाच्या आश्रयाला गेला. चेटकाने कूणिकाला दिलेले उत्तर कोणत्याही वकिलाला शोभण्यासारखे आहे: दोघेही माझ्याच मुलीचे मुलगे आहेत, धाकट्याला अर्धे राज्य देत असशील तर हत्ती आणि हार परत पाठवितो. बुद्धघोषाच्या अट्ठकथेत कारण अधिक रोखठोक आहे. गंगेकाठी एक घाटाचे गाव होते. त्याच्या परिसरात अर्धा योजन अजातशत्रूची सत्ता, अर्धा योजन लिच्छवींची. डोंगराच्या पायथ्याकडून तेथे मोठ्या किमतीचा माल उतरत असे. आज जाऊ, उद्या जाऊ, असे म्हणत अजातशत्रूची तयारी चालू असतानाच लिच्छवी एकजुटीने आधी येऊन सगळा माल घेऊन जात. दुसऱ्या वर्षीही तसेच घडले, आणि राजाचा क्रोध अनावर झाला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात हत्तीपेक्षा घाट महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक आहे. अजातशत्रूने बापाच्या मृत्यूनंतर कोसलाच्या प्रसेनजिताशी जे युद्ध केले तेही महसुलावरूनच होते. कोसलराजकन्येला स्नानखर्चासाठी आंदण दिलेले काशीतील गाव एक लाखाच्या उत्पन्नाचे होते आणि प्रसेनजिताने ते परत घेतले होते. गंगा हा त्या काळचा राजमार्ग. बिंबिसाराने अंगदेश जिंकून चंपा हे नदीबंदर आधीच घेतले होते. दक्षिणेकडच्या रानात हत्ती होते, डोंगरांत धातू होते. मगधाच्या उदयाची सांगड या धातूंशी आणि जंगलतोडीशी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ सालच्या आपल्या ग्रंथात घातली. लोखंडाला त्यात इतके महत्त्व द्यावे काय, याविषयी नंतरच्या पुरातत्त्वज्ञांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या सर्वस्वी निराधार नाहीत. तथापि राजगृहाच्या दरबारात उत्पन्नाची सगळी तोंडे एका कोशाकडे वळविण्याचे काम दोन पिढ्या चालू होते, एवढे तर निर्विवाद दिसते. गंगेवरचा घाट त्या कामातली एक अडचण होती.

लढाई सोपी गेली नाही. चेटकाने काशी-कोसलातले अठरा गणराजे जमविले, नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी. भगवतीसूत्रात कूणिकाच्या दोन भयंकर यंत्रांची वर्णने आहेत. महाशिलाकंटक यंत्राने फेकलेली काडीसुद्धा मोठ्या शिळेसारखी लागे. रथमुसल हा घोड्यावाचून आणि सारथ्यावाचून फिरणारा, मुसळाने माणसे चिरडणारा रथ. पहिल्या संग्रामात ८४ लाख आणि दुसऱ्यात ९६ लाख माणसे मेल्याचे तेथे म्हटले आहे. हे आकडे इतिहासाचे नव्हेत. पण ज्या लोकांनी ते युद्ध आठवणीत ठेवले त्यांना त्याची केवढी दहशत वाटली, हे त्यांवरून कळते. त्याच सूत्रात वैशालीच्या वरुण नावाच्या एका श्रावकाची कथा आहे. आधी जो वार करील त्याच्यावरच वार करायचा, असा नियम घेऊन तो रणात उतरला होता. ज्याच्या बाजूला यंत्रे आहेत आणि ज्याच्या बाजूला असे नियम आहेत, त्यांची ती लढाई होती.

आणि तरीही केवळ यंत्रांनी वैशाली पडली नाही. येथे महापरिनिब्बान सुत्ताकडे वळले पाहिजे. धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला हे पाली वाङ्मय परके राहिलेले नाही. वज्जींवर स्वारी करण्याचा बेत ठरवून अजातशत्रूने आपला महामात्र वस्सकार ब्राह्मण याला गृध्रकूटावर बुद्धाकडे पाठविले. बुद्धाने वस्सकाराला थेट उत्तर दिले नाही. तो पाठीमागे वारा घालीत उभ्या असलेल्या आनंदाशी बोलू लागला. वज्जी वरचेवर सभा भरवितात काय? एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि एकोप्याने कामे करतात काय? पूर्वी न केलेले कायदे मनास येईल तसे करीत नाहीत ना, जुने मोडीत नाहीत ना? वृद्धांचे ऐकतात काय? कुलस्त्रियांना आणि कुमारींना जबरीने पळवून आणीत नाहीत ना? चैत्यांचा आणि अर्हतांचा मान राखतात काय? सातही प्रश्नांना आनंदाने वज्जींना अनुकूल असे उत्तर दिले. हे चालू आहे तोवर वज्जींची भरभराटच होईल, हानी होणार नाही, असे बुद्धाने सांगितले. वस्सकार हुशार होता. त्याने तेथल्या तेथे निष्कर्ष काढला की वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही. त्यांना गोडीगुलाबीने वश केले पाहिजे किंवा त्यांच्यात फूट पाडली पाहिजे. संरक्षणाचा जो उपाय सांगितला गेला, तोच शत्रूने हल्ल्याचा आराखडा म्हणून वाचला!

तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ सांगताना बुद्धघोष काय म्हणतो तेही पाहण्यासारखे आहे. न केलेले कायदे करणे म्हणजे पूर्वी नसलेली जकात, पूर्वी नसलेला कर, पूर्वी नसलेला दंड बसविणे. भिक्षूने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या भाष्यात राज्याच्या स्थैर्याची कसोटी करव्यवस्थेत शोधलेली पाहून आश्चर्य वाटते. पण ज्यांना रोज दारोदार भिक्षा मागायची असते त्यांना कोणाच्या घरात काय उरले आहे हे अमात्यांपेक्षा चांगले ठाऊक असते.

फूट कशी पाडली गेली याचा वृत्तांत अट्ठकथेत सविस्तर आहे. राजसभेत वस्सकाराने वज्जींची बाजू घेतल्याचे सोंग केले. राजाने रागावल्याचे सोंग करून त्याचे मुंडन केले आणि त्याला हाकलून दिले. तो गंगा ओलांडून आला तेव्हा हा लबाड ब्राह्मण आहे, याला येऊ देऊ नका, असे म्हणणारे काही लिच्छवी निघाले. पण आपली बाजू घेतल्यामुळेच याच्यावर ही पाळी आली, असे म्हणणाऱ्यांचे चालले. त्याला न्यायाधिकाऱ्याचे पद मिळाले, कुमारांना शिकविण्याचे कामही मिळाले. मग तो एखाद्या लिच्छवीला बाजूला नेई आणि विचारी, शेत नांगरता ना? दोन बैल जुंपता ना? बस, एवढेच. दुसरा पहिल्याला विचारी, आचार्य काय म्हणाले? खरे उत्तर इतके क्षुल्लक असे की त्यावर विश्वास बसत नसे. संशयाचे बी असे पेरून झाल्यावर त्याने पुढचा डाव टाकला. एकाला एकांतात सांगावे की तुम्ही अगदी दरिद्री आहात असे अमका म्हणत होता. दुसऱ्याला सांगावे की तुम्ही भित्रे आहात असे तमका म्हणत होता. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने जाईनासे झाले. तेव्हा वस्सकाराने सभेची भेरी वाजवून परीक्षा घेतली. कोणी आले नाही. जे धनी आहेत, जे शूर आहेत त्यांनी जमावे, असे म्हणून लोक घरी बसले. मग राजाला निरोप गेला. सैन्य आल्याची वर्दी देणारी भेरी वाजली, तेव्हाही तेच उत्तर मिळाले. नगराचे दरवाजे उघडेच होते.

ही कथा बुद्धानंतर जवळजवळ हजार वर्षांनी या रूपात लिहिली गेली आहे, हे ध्यानात ठेवून तिचा अर्थ लावला पाहिजे. परंतु कथा रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वस्सकाराने दारिद्र्य निर्माण केले नाही. तीन वर्षांत कोणालाही ते जमले नसते. आपण गरीब आहोत हे ज्याला आधीच बोचत होते, त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकविण्याची व्यवस्था तेवढी त्याने केली.

वैशालीच्या सभेत बसत होते तरी कोण? स्वातंत्र्यलढ्याच्या काळात या गणराज्यांचा अभिमानाने शोध घेतला गेला. काशीप्रसाद जायसवाल यांचा 'हिंदू पॉलिटी' हा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानला लोकसत्ता ठाऊकच नव्हती, या साम्राज्यवादी सिद्धांताला त्यात उत्तर होते आणि ते देणे त्या वेळी आवश्यकच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात या गणराज्यांचा उल्लेख केला. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सभेचे नियम बौद्ध संघाने तत्कालीन राजकीय सभांवरूनच घेतले असले पाहिजेत, असेही ते म्हणाले. मात्र त्याच भाषणात त्यांनी असेही बजावले की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. भाषणाचा पहिला भाग पुष्कळदा उद्धृत होतो, दुसराही होतो. पण वैशालीचा विचार करताना हे दोन भाग एकत्र वाचले जात नाहीत.

जातकाच्या प्रस्तावनेत वैशालीत ७७०७ राजे असल्याचे सांगितले आहे. तितकेच उपराजे, तितकेच सेनापती आणि तितकेच भांडागारिक. हा आकडाही शब्दशः घेऊ नये, पण त्याची घडण बोलकी आहे. प्रत्येक कुलप्रमुख राजा होता आणि प्रत्येकाचा खजिना स्वतंत्र होता. गंगेच्या दक्षिणेस एक कोश आणि त्यावर पोसलेले कायमचे सैन्य. उत्तरेस हजारो कोश, आणि हाक आली म्हणजे आपापल्या घरून निघणारे योद्धे. पहिली हाक ऐकून सगळे निघाले तोवर ही व्यवस्था अजिंक्य होती. पण संकटाचा खर्च कोणी किती सोसायचा, हा प्रश्न ज्या दिवशी निघाला त्या दिवशी तिच्याजवळ उत्तर नव्हते. अट्ठकथेतले, धन्यांनी जमावे, हे वाक्य नीट ऐकले तर त्यात भित्रेपणापेक्षा हिशेब अधिक आहे.

या राजांच्या खाली असलेल्यांचा तर सभेशी संबंधच नव्हता. वैशालीत अभिषेकाची एक पुष्करिणी होती. राजकुलांखेरीज कोणी तीत उतरू नये म्हणून तिच्याभोवती पहारा असे आणि पक्षीही शिरू नये म्हणून वरून लोखंडी जाळे पसरलेले असे, अशी भद्दसाल जातकातील हकिगत आहे. शेते दास आणि कर्मकर कसत. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून जो प्रसिद्ध तंटा झाला तो सुरू झाला या शेतात राबणाऱ्यांच्यात. निर्णय करायला शस्त्रे घेऊन आले ते मात्र राजे. कौटिलीय अर्थशास्त्र अजातशत्रूच्या पुष्कळ नंतरचे. त्याचे अकरावे अधिकरण केवळ संघांना कसे फोडावे यासाठी खर्ची घातले आहे, आणि लिच्छवी, वृजी, मल्ल इत्यादिकांना तेथे राजा या पदवीवर उपजीविका करणारे असे नाव दिले आहे. वर्णन शत्रूचे आहे, तरी ते निव्वळ निंदा म्हणून सोडून देता येत नाही.

यावरून कोणी उलट टोकाला जाऊन असे म्हणेल की मग अजातशत्रूच प्रगतीचा वाहक ठरला. व्यापाराला विस्तीर्ण राज्य हवे होते, कुलांची ही लहान लहान सत्तास्थाने केव्हातरी नाहीशी व्हायचीच होती. हा युक्तिवाद विद्वानांच्या लिखाणात अनेकदा भेटतो आणि त्यात तथ्यांशही आहे. पण जे जिंकले ते अपरिहार्य होते, असे म्हणून हरलेल्यांचा हिशेबच मिटवून टाकणे हा इतिहासाचा आळस होय. वज्जींच्या न्यायपद्धतीचे अट्ठकथेतील वर्णन पाहावे. आरोपीला सोडून देण्याचा अधिकार पहिल्या अधिकाऱ्यालाही होता. दोषी ठरवायचे तर प्रकरण एकेक पायरी चढत राजापर्यंत जावे लागे आणि दंड पूर्वीच्या निवाड्यांचे पुस्तक पाहून ठरे. मगधात हे नव्हते. सभा लहान होती, तिचे दार अरुंद होते, हे खरे. मगधाने ते दार रुंद केले नाही, सभाच बंद केली.

दासांचे काय झाले? त्यांच्या बाबतीत दोन्ही किनारे सारखेच होते, आणि याचा पुरावा खुद्द अजातशत्रूच्या तोंडचा आहे.

कार्तिकी पौर्णिमेच्या चांदण्या रात्री तो जीवकाच्या आंबराईत बुद्धाला भेटायला निघाला. भारहूतच्या स्तूपावर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात हा प्रसंग कोरला गेला. तो स्तंभ आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. सामञ्ञफल सुत्तात म्हटले आहे की आंबराईजवळ येताच राजा घाबरला. साडेबाराशे भिक्षू आत आहेत आणि साधी खोकल्याचीही चाहूल नाही. जीवका, तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असे त्याने विचारले. बापाला मारून गादीवर बसलेल्या माणसाला शांततेचीच भीती वाटावी, हे सुत्तकाराने कोणताही शेरा न मारता नोंदविले आहे.

आत गेल्यावर त्याने प्रश्न केला. हत्तीवर बसणारे, घोडेस्वार, रथी, धनुर्धारी असे सैनिक, त्यांच्यामागून आचारी, न्हावी, माळी, परीट, कोष्टी, बुरूड, कुंभार, हिशेबनीस, हे सारे आपापल्या धंद्याचे फळ याच जन्मी भोगतात. श्रमणाला असे कोणते फळ मिळते? मगधाच्या अर्थव्यवस्थेची इतकी जुनी यादी दुसरी क्वचितच सापडेल. निम्मी यादी सैन्याची आहे. शेतकरी तीत नाहीच. बुद्धाने उत्तराला सुरुवात केली ती त्याच्याच दासापासून. तुमच्याआधी उठणारा, तुमच्यामागून निजणारा, तुमच्या तोंडाकडे पाहत राबणारा तुमचा दास उद्या श्रमण झाला, तर त्याला परत बोलावून पुन्हा दास कराल काय? राजा म्हणाला, नाही, उलट मीच त्याला वंदन करीन. मग बुद्धाने दुसरा माणूस उभा केला, यादीत नसलेला: कर भरणारा, राजाची राशी वाढविणारा शेतकरी. त्याच्याविषयीही राजाने तेच उत्तर दिले. मगधात दासाला दास्यातून सुटायला वाट होती ती एवढीच, संसार सोडण्याची. आणि त्या वाटेवरही पुढे संघाने पळून आलेल्या दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम घातला.

संभाषण संपले तेव्हा राजाने पितृवधाची कबुली दिली. बुद्धाने ती स्वीकारली; तो गेल्यावर भिक्षूंना मात्र सांगितले की याने बापाला मारले नसते तर याच आसनावर याला धर्मचक्षू लाभला असता. जाताना राजाने निरोप घेतला तो नेहमीच्या दरबारी रीतीने: बरीच कामे आहेत, पुष्कळ व्याप आहेत. पुढे गंगेच्या दक्षिण काठावर पाटलीगावी वज्जींना अडविण्यासाठी कोट उभा राहू लागला. त्याच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या दोघा महामात्रांपैकी एक वस्सकार होता. शेवटच्या प्रवासात बुद्ध तेथून गेला तेव्हा हे नगर फार मोठे होईल असे तो म्हणाला, आणि त्याला तीन भये सांगितली: आगीचे, पाण्याचे आणि आपसातल्या फुटीचे. वस्सकाराने त्या दिवशी बुद्धाला संघासह जेवण दिले.